रिंगमध्ये दोघंच असतात

२००८ सालचा ऑक्टोबर. आमचं युनिट तेव्हा पंजाबातल्या एका छावणीत होतं. युनिट ‘ऑल क्लास’, म्हणजे साताऱ्यापासून समस्तीपूरपर्यंतची पोरं एकाच बॅरेकमध्ये झोपणार आणि एकाच लंगरात जेवणार. त्याच महिन्यात मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. रिक्रिएशन रूममधल्या टीव्हीवर तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दिसायची. कुणी काही बोलत नव्हतं, पण जेवायला बसताना पोरांचे घोळके बदलले होते, हे मला दिसत होतं.

त्यात आमची इंटर-कंपनी बॉक्सिंग आली. एका वजनी गटाच्या फायनलला नेमके आले एक साताऱ्याचा पोरगा आणि एक बिहारचा. दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. छठला बिहारवाल्याच्या घरून आलेला ठेकुआ आणि दिवाळीचे आमचे लाडू एकाच ट्रंकेतून निघायचे. पण त्या संध्याकाळी रिंगभोवती जमलेल्यांना कंपनीच्या ढालीशी काही घेणंदेणं उरलं नव्हतं. ओरडण्याचा सूरच वेगळा होता.

मी तेव्हा हवालदार होतो, साताऱ्याच्या पोराच्या कोपऱ्यात उभा. पहिला राउंड त्याने छान खेळला. मधल्या विश्रांतीत पाणी देताना मी त्याच्या कानात म्हणालो, “ही फाइट तुझी एकट्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. हरून परत यायचं नाही.”

दुसऱ्या राउंडला त्याने गार्ड सोडला आणि आंधळेपणाने हात फिरवायला लागला. समोरच्याचा एक सरळ उजवा आला, नाकाचं हाड गेलं आणि रेफरीने फाइट थांबवली. रात्री एम. आय. रूममध्ये गेलो तर बिहारचा पोरगा त्याच्या खाटेवर बसून बर्फ धरून होता. मला पाहून दोघंही गप्प झाले. आठवड्याभराने साताऱ्याचा पोरगा एवढंच म्हणाला, “उस्ताद, तुम्ही ते कानात बोलला नसता तर मी गार्ड सोडला नसता.”

ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. पुढे जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, त्याचं कारणही तेच.

लुई अमेरिकेतला काळा बॉक्सर, अलाबामातल्या शेतमजुराचा मुलगा. श्मेलिंग जर्मन. १९ जून १९३६ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये श्मेलिंगने तोवर अजिंक्य असलेल्या लुईला बाराव्या राउंडला झोपवलं. डावा जॅब मारल्यावर लुईचा हात खाली राहतो, हे त्याने हेरून ठेवलं होतं. म्हणजे विजय अभ्यासाचा होता. पण हिटलरच्या राजवटीने तो गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा म्हणून मिरवला.

मग २२ जून १९३८. तेच स्टेडियम, सुमारे सत्तर हजार प्रेक्षक, आणि जगभर रेडिओला कान लावून बसलेले लाखो लोक. लुईने पहिल्याच राउंडला, १२४ सेकंदांत, फाइट संपवली. काळ्यांच्या वस्त्यांमध्ये लोक रस्त्यावर येऊन नाचले.

त्यांना मी दोष देत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला मतदान करू देत नव्हते, त्याची शाळा वेगळी, बसची जागा वेगळी. गोऱ्यावर हात उचलला तर जिवाशी गाठ. अशा माणसाला आपल्यातला एक जण कायदेशीरपणे, पंचासमोर, बरोबरीच्या नियमांनी जिंकताना ऐकायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. ज्याला दुसरं मैदानच मोकळं नाही त्याने रिंगकडे आशेने पाहिलं, तर ते प्रतीक खरं असतं.

पण त्या दोघांचं पुढे काय झालं तेही पाहा. श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य कधीच नव्हता, त्याचा अमेरिकेतला मॅनेजर ज्यू होता. फाइटनंतर पाचच महिन्यांनी जर्मनीत ज्यूंची घरंदारं फोडली गेली, तेव्हा त्याने एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना आपल्याकडे लपवलं. हरल्यावर राजवटीला तो नकोसा झाला. युद्धात पॅराट्रूपर म्हणून १९४१ ला क्रीटवर उतरला आणि जखमी झाला.

लुईने जानेवारी १९४२ मध्ये एका फाइटची कमाई नौदलाच्या मदत निधीला दिली. त्या वेळी हे नौदल काळ्यांना मेसमध्ये वाढपी म्हणून घेत होतं, त्यापलीकडे जवळजवळ नाहीच. त्यानंतर तो सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. हिटलरच्या माणसाला पाडणारा म्हणून ज्याचा देशभर गौरव झाला, त्याच्यासाठी बॅरेक मात्र काळ्यांची वेगळीच. सैन्यातला हा भेद संपवण्याचा आदेश निघाला १९४८ मध्ये, त्या १२४ सेकंदांनंतर दहा वर्षांनी. तोही एका ठोशाने नाही, तर संघटना, मोर्चे आणि अर्ज यांच्या रेट्याने निघाला. लुईच्या मागे आयकराची थकबाकी लागली ती लागलीच. उतारवयात तो लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायच्या नोकरीवर होता.

मला वाटतं, बॉक्सिंगचा सामना हा धीर देऊ शकतो, हक्क देऊ शकत नाही. धीर मोलाचा आहे, पण त्याचं बिल दोन माणसं आपल्या नाकाडोळ्यांनी भरतात. म्हणून कुणी एखाद्या सामन्याला ‘आपली लढाई’ म्हणायला लागला की मी दोन गोष्टी विचारतो. याला लढायला दुसरी जागा खरंच नाही का? आणि घंटा वाजून गेल्यावर हा त्या लढणाऱ्याच्या शेजारी उभा राहणार आहे का?

त्या संध्याकाळी माझी दोन्ही उत्तरं चुकीची होती. रोजगाराचा, परप्रांताचा, भाषेचा जो काही प्रश्न होता तो मांडायला विधानसभा होती, कोर्ट होतं, वर्तमानपत्रं होती. मी तो एकवीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकला, कारण मला टाळ्या हव्या होत्या. आणि बर्फ धरायला मी नव्हतो, तो होता ज्याला मी शत्रू ठरवलं होतं.

लुई आणि श्मेलिंग पुढे मित्र झाले. १९८१ मध्ये लुई गेला, त्याला आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत जागा मिळाली, आणि अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगने हातभार लावला.

त्यानंतर मी बऱ्याच पोरांच्या कोपऱ्यात उभा राहिलो. आता विश्रांतीत एवढंच सांगतो: हनुवटी खाली, गार्ड वर, श्वास सोड.