अठ्ठ्याहत्तर दिवसांचा बोनस

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या सुमारे १० लाख ९१ हजार अराजपत्रित कर्मचाऱ्यांना ७८ दिवसांचा बोनस मंजूर केला. खर्च १,८६६ कोटी रुपयांच्या घरात. या बोनसचे अधिकृत नाव 'उत्पादकतेशी निगडित बोनस' असे आहे. परंतु ही निगडितता कोठे दिसते? २०२०-२१ हे करोनाचे वर्ष; रेल्वेने तेव्हा सुमारे १२३ कोटी टन माल वाहिला. २०२३-२४ मध्ये हाच आकडा १५९ कोटी टनांच्या आसपास गेला. दोन्ही वर्षी बोनस ७८ दिवसांचाच!

योजनेचा उगम ध्यानात घेतला म्हणजे उलगडा होतो. मे १९७४ च्या संपात बोनस ही रेल्वे कामगारांची एक प्रमुख मागणी होती. बोनस म्हणजे लांबणीवर टाकलेले वेतनच, ही कामगार चळवळीची जुनी भूमिका. सरकारला ती मान्य नव्हती. १९७९-८० पासून बोनस सुरू झाला तो उत्पादकतेच्या नावाने. नाव सरकारचे राहिले, आशय कामगारांचा. शिवाय हिशेबासाठी मासिक वेतन ७,००० रुपयेच धरले जाते आणि सातव्या वेतन आयोगानंतर किमान मूळ वेतनच १८,००० रुपये आहे. म्हणजे पूर्ण वर्ष काम केलेल्या प्रत्येकाला जास्तीत जास्त १७,९५१ रुपये मिळणार, तो कसाही राबो.

यावर उपाय म्हणून व्यक्तिगत मूल्यमापनाचा आग्रह धरला जातो. सातव्या आयोगाने २०१५ मध्ये सर्वच श्रेणींसाठी कामगिरीनिष्ठ वेतन सुचविले होते. प्रस्तुत लेखकास हा मार्ग धोक्याचा वाटतो. होल्मस्ट्रॉम व मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की, एका माणसाकडे अनेक कामे असता मोजता येणाऱ्या कामालाच मोबदला जोडला, तर न मोजता येणारे काम मागे पडते. रुळाला तडा दिसताच गाडी थांबविणारा ट्रॅकमन वक्तशीरपणाच्या तक्त्यात दोषीच ठरेल. आणि मूल्यमापन करणार कोण? वरिष्ठांचा प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, हे सांगण्यासाठी २००८ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, यावरून आपल्या गोपनीय अहवालांची प्रकृती कळते.

त्यापेक्षा बँकांमधील २०२० चा करार बरा. त्यात बँकेच्या कार्यचालन नफ्याची वाढ पाच, दहा व पंधरा टक्के ओलांडेल तसे पाच, दहा वा पंधरा दिवसांचे वेतन मिळते. नफा व्याजदरांवरही हलतो, हा त्यातील दोष खराच. पण मोजपट्टी आधी ठरलेली आहे आणि ती सर्वांना वाचता येते. रेल्वेत असे एकक विभाग किंवा कारखाना हे असू शकेल, आणि मोजपट्टीत टनांबरोबर सुरक्षिततेलाही स्थान हवे.

७,००० रुपयांची मर्यादा उठवावी, ही कामगार संघटनांची मागणी रास्त आहे. सध्याची रक्कम मूळ हक्क म्हणून कायम ठेवावी आणि वाढीव भाग तेवढा विभागाच्या कामगिरीशी जोडावा, असा तोडगा आठव्या वेतन आयोगापुढे मांडण्यास संघटनांनी कचरू नये. आयोगाकडून तो आला, तर त्याचे निकष ठरविताना संघटनांना बाहेरच बसावे लागेल.