वेगळा कप

परवां एका सुविद्य स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. घर सुसंस्कृत, कपाटांत ज्ञानकोशाचे खंड, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी. चहा आला. धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंनाही मिळाला. पण तो कोनाड्यांत निराळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपांत. पांच वर्षांच्या नातवानें खेळतां खेळतां त्या कपाला हात लावला, तेव्हां आजी लगबगीनें म्हणाल्या, "अरे, तो नको, तो मावशींचा आहे." मुलानें हात मागें घेतला. त्या एका वाक्यानें त्याला जो धडा दिला, तो पुसून काढणें शाळेंतील साऱ्या पुस्तकांना जमणार नाहीं.

चहाच्या कपाचा वाद पुण्याला नवा नाहीं. १८९० च्या आक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित गृहस्थांनीं चहा घेतला. गोपाळराव जोशी यांनीं त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि शहरांत एकच गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. रानडे आणि टिळक एरवीं एकमेकांचे प्रतिपक्षी. पण प्रायश्चित्त दोघांनाही चुकलें नाहीं.

या हकीकतीला आपण आज हंसतों. पण तिचें मर्म गंभीर आहे. इतरांना दूर ठेवण्यासाठीं ज्या समाजानें भिंत उभारली, त्याच समाजांतील श्रेष्ठ बुद्धीचे पुरुष तिच्या आंत कोंडले गेले. दुसऱ्याला हीन ठरविणाऱ्यास आपलें श्रेष्ठत्व रात्रंदिवस राखीत बसावें लागतें. आणि जें एका घोटानें भंगतें तें श्रेष्ठत्व नव्हे, ती नुसती भीति होय.

वेगळ्या कपाचे कैवारी म्हणतील, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे. तसें असेल, तर ज्या हातांनीं आपलीं ताटें घांसलीं जातात, त्याच हातांचा कप तेवढा अस्वच्छ कसा? दुसरें कोणी म्हणेल, बाईंची स्वतःची कांहीं तक्रार नाहीं. पोट ज्याच्या हातीं आहे त्याच्यापाशीं तक्रार कोण करील? गरजवंताच्या मौनाला संमति म्हणणें ही सोयीची लबाडी आहे. तिसरे म्हणतात, घरांतील गोष्टींशीं कायद्याला काय करावयाचें? घटनेच्या सतराव्या कलमानें १९५० सालीं अस्पृश्यता नष्ट झाली हें खरें. पण स्वयंपाकघराच्या कोनाड्यांत शिरून पाहणें हें शेवटीं आपल्याच विवेकाचें काम आहे.

याच पुण्यांत १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यामुळें त्यांच्या पाण्याची गोडी कमी झाली नाहीं; त्यांच्या घराचें नांव मात्र कायमचें मोठें झालें. उलट १९२९ च्या आक्टोबरांत पर्वतीवर मंदिरप्रवेशासाठीं सत्याग्रह झाला, तेव्हां सत्याग्रहींवर दगड पडले. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्याबरोबर काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्यासारखे सवर्णही त्यांत होते. मार खाणाऱ्यांचीं नांवें आपण आज आदरानें घेतों. दगड मारणाऱ्यांचे नातूपणतू याच शहरांत असतील. पण आपल्या आजोबांची ती मर्दुमकी त्यांपैकीं कोणी अभिमानानें सांगतांना आढळत नाहीं. अपमान करणाऱ्याच्या पदरांत अखेर काय उरतें, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आज दगड कोणी मारीत नाहीं. आपण अधिक सभ्य झालों आहों. कोनाड्यांत कप ठेवतों. शिवी ओठांवर येत नाहीं, ती चिनीमातीची होऊन फळीवर बसते. मागची पिढी निदान आपण काय करतों हें उघड बोलत तरी होती. आपण समतेवर व्याख्यानें ऐकून घरीं येतों आणि तोच कप पुढें करतों.

मोठ्या क्रांतीची गोष्ट मी करीत नाहीं. त्या स्नेह्यांनीं उद्यां मावशींना आपल्याच कपांतून चहा द्यावा आणि बसावयास खुर्ची द्यावी, एवढेंच. त्यांत मावशींवर उपकार नाहीं. मागें घेतलेला तो लहान हात पुढें यावा, म्हणून स्वतःच्या घरासाठीं करावयाची ती गोष्ट आहे.