पटसंख्या घटली, प्रश्न वाढले

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील मराठी शिक्षण मुख्यत्वे देवळांचे मंडप व खासगी शाळा यांच्या आधारावर तगून राहिले. १९६३ मध्ये सत्तेवर आलेल्या दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा उघडल्या आणि बहुजन समाजाला शिक्षणाचे दार खुले झाले. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८८.७० टक्के नोंदली गेली. त्यात या शाळांचा वाटा मोठा आहे.

आज मात्र त्याच शाळांतील पटसंख्या घटत आहे. १९९० च्या धोरणाने प्राथमिक स्तरावर अनुदान केवळ भारतीय भाषांतील शाळांपुरते ठेवले होते. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. बालरथाची सोय अनुदानित शाळांना मिळाली आणि गावातले मूल गावाबाहेरच्या शाळेत जाणे सोपे झाले.

मात्र केवळ माध्यमाला दोष देऊन भागणार नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार साठ विद्यार्थ्यांपर्यंतच्या प्राथमिक शाळेतही दोन शिक्षक हवेत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो आणि माध्यान्ह आहाराच्या नोंदीही ठेवतो. अशा शाळेत पालकांनी मूल कोणत्या भरवशावर पाठवावे? मुले नाहीत म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून मुले नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे.

विलीनीकरण हा त्यावरचा सोपा उपाय खरा. पण त्याआधी दुसरा शिक्षक आणि वाहन देऊन पाहणे हे सरकारचे कर्तव्य आहे. वाड्यावरची शाळा बंद पडली, तर सर्वांत आधी गरिबाच्या मुलाचीच वाट लांबते.