औषधाचें माप आणि अंदाजाचें टोपण

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपले बागाईतदार बैल घेतांना त्याचे दांत पाहतात, बियाण्यासाठीं चार दुकानें पालथीं घालतात. परंतु फवाऱ्याचें औषध पाण्यांत कालवितांना मात्र टोपणानें व अंदाजानें काम भागवितात. ही रीत सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बोर्डो मिश्रणाचेंच उदाहरण घेऊं. मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८५ सालीं प्रसिद्ध केलेलें हें औषध मोसंबी, लिंबू व द्राक्ष यांवरील बुरशीस आजहि उपयोगी पडतें. एक टक्का मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना. वजन सारखें असलें तरी कणांची संख्या सारखी नसते. रसायनशास्त्रज्ञ कण मोजण्यासाठीं ‘मोल’ हें माप वापरतात. मोरचुदाच्या खड्यांचा एक मोल सुमारें २५० ग्रॅम, शुद्ध कळीच्या चुन्याचा ५६ ग्रॅम. म्हणजे आपल्या मिश्रणाच्या एका लिटरांतील १० ग्रॅम मोरचूद ०.०४ मोल भरतो, व तितक्याच मोल चुन्यास सव्वादोन ग्रॅम पुरतात.

मग चुना दहा ग्रॅम कां? कारण बाजारांतील चुना शुद्ध नसतो. मोकळें राहिलेलें तांबें पान करपवितें, म्हणून चुन्याचा हात सढळ ठेविला आहे. परंतु महिनोन्‌महिने उघड्या पोत्यांत पडलेला चुना हवेनें मरतो. मग किलोभरहि अपुरा पडेल. यासाठीं लखलखीत विळा मिश्रणांत क्षणभर बुडवावा. पात्यावर तांबूस पुट चढल्यास आणखी चुन्याचें पाणी घालावें. याच कारणास्तव मोरचूद लोखंडी भांड्यांत कधींहि भिजवूं नये.

कोणी म्हणेल, औषध थोडें जास्त पडलें तर बिघडलें कोठें? २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें दगावले. त्याचीं कारणें अनेक होतीं. तथापि मनास येईल तशीं औषधें मिसळण्याची संवय त्यांत निर्दोष म्हणतां येणार नाहीं. आणि पंप बहुधा मालकाच्या पाठीवर नसतो, मजुराच्या असतो, हें आपण जमीनधारकांनीं विसरूं नये.

उपाय खर्चाचा नाहीं. एक लहान वजनकाटा, एक खुणांचा पेला व एक वही पुरे. डब्यावर १० लिटरांस २० मिलिलिटर लिहिलें असेल, तर १५ लिटरांच्या पंपास ३०. त्याहून थेंबभरहि अधिक नको. लातूरच्या शिकवणीवर्गांत आपलीं मुलें मोलचीं गणितें परीक्षेसाठीं घोकतात, आणि बापाच्या पंपांत मात्र टोपणाचें राज्य! फवारणीच्या दिवशीं हिशेब त्यांजकडूनच वहींत लिहवून घ्यावा. विद्या शेताच्या बांधापर्यंत आली, तरच तिचें सार्थक.