सुईबिगर कसला डागदर?

आमच्या गावाकडं डॉक्टरची पारख सुईवर होते. नुसत्या गोळ्या दिल्या की माणूस पारावर येऊन सांगणार, "काय राम नाय त्याच्यात, साधी सुईबी टोचली न्हाई." सुई टोचली की तोच डॉक्टर देवमाणूस. हे डॉक्टरलाही पक्कं ठाऊक असतं. गोळी लिहून दिली तर फी मागायची चोरी. सुईला मात्र पैसे बिनबोभाट निघतात. मला चीड आहे ती या सौद्याची.

आमच्या शेजारची एक बाई खुरपायला जायची. अंग दुखतं म्हणून कमरेत सुई घेतली. तिसऱ्या दिवशी जागा दगडासारखी, ताप, उठता-बसता येईना. शेवटी तालुक्याला नेऊन चीर दिली, वाटीभर पू निघाला. ऐन हंगामातली मजुरी बुडाली. लोक काय म्हणाले? "तिला सुई मानवली न्हाई." म्हणजे दोष तिच्या अंगाचा!

मानवली नाही म्हणजे काय हो? सुई, हात नाहीतर कातडी अस्वच्छ असली की जंतू थेट मांसात जातात आणि गळू होतं. दुखण्यावर सर्रास टोचतात त्या डायक्लोफेनॅकनं क्वचित टोचल्या जागेची कातडी आणि मांस काळंनिळं पडून मरतं. कुल्ल्यातून पायाकडं एक जाड नस जाते. म्हणून तिथं टोचायचंच तर वरच्या, बाहेरच्या भागात टोचावं असा नियम आहे. तो चुकून नसेला इजा झाली, तर पाऊल लुळं पडू शकतं. यात नशीब कुठं आलं?

सुईच नको, असं मी म्हणत नाही. लस घ्यावीच. कुत्रं चावलं तर घ्यावीच. उलट्यांनी गोळी पोटात ठरत नसेल तर घ्यावी. पण साध्या सर्दीला, कामाच्या शिणवट्याला सुई कशाला? शहरातल्यांनीही हसू नये. "उद्या ऑफिसला जायचंय, एक इंजेक्शन द्याच" म्हणणारे तिकडं थोडे नाहीत.

पुढच्या वेळी कमरेची गाठ सैल करण्याआधी एवढंच विचारा: "डॉक्टर, गोळीनं भागंल का? आन् सुईत औषध कंचं हाय, ते कागदावर लिहून द्या." जो यावर चिडेल, त्याच्या पुढं पाठ करूच नका.