ताब्याबरोबर तारांचा नकाशाही द्या

एसी किती अंशांवर लावायचा, यावर आपल्याकडे सरकारपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळे बोलतात. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतो. २०२५च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ अंशांची चौकट घालण्याचं सूतोवाच केलं, तेव्हा तर ‘आमच्या घरात आम्ही किती गार व्हायचं, हेही आता दिल्ली ठरवणार का’ इथपर्यंत गाडी गेली. चर्चा जरूर व्हावी. पण आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवण्यात नोकरी संपवलेल्या माझ्यासारख्याला एका गोष्टीचं नवल वाटतं. रिमोटवरच्या आकड्याचा एवढा खल करणारे आपण, त्या एसीला वीज नेणारी तार भिंतीतून कुठून गेली आहे हे कधी विचारत नाही. आणि विचारलं, तर सांगणारा कुणी नसतो.

हे माझ्या मनात पक्कं बसलं ते न्यू जर्सीत, मुलीच्या घरी. तिकडे खोलीगणिक एसी नसतो. तळघरात गॅसवरचं फर्नेस, अंगणात कॉम्प्रेसर, घरभर पत्र्याचे डक्ट आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एकच थर्मोस्टॅट भिंतीवर. तिच्याकडचा जुन्या धाटणीचा गोल होता. हनीवेल कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेलं, हेन्री ड्रेफस या डिझायनरच्या हातचं हे रूप. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि काचेच्या छोट्या नळीत पारा. खोली गार झाली की पट्टी वळते, नळी कलते, पारा घरंगळून दोन टोकं जोडतो आणि खाली फर्नेस पेटतं. या यंत्राला स्वतःला चालायला वीज लागतच नाही. जावयांना मात्र मोबाइलवरून चालणारा नवा हवा होता. ‘बाबा, माणूस बोलावू या का?’ असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आधी कव्हर तर काढू.

भिंतीतून एक केबल आली होती आणि तिच्या चार तारा जोडलेल्या होत्या: लाल, पांढरी, पिवळी, हिरवी. हिरवी दिसली की आपल्याकडच्या वायरमनचं डोकं म्हणतं, अर्थिंग. तिथे हिरवी म्हणजे पंखा. पांढरी गरम करण्याची, पिवळी गार करण्याची आणि लाल म्हणजे येणारी वीज, तीही फक्त २४ व्होल्टची. पण रंगावर जाऊ नये, कारण बसवणाऱ्याने हाताला लागेल ती तार वापरलेली असू शकते. पाहायचं ते स्क्रूशेजारचं अक्षर. आर, डब्ल्यू, वाय, जी. हीच अक्षरं तळघरात फर्नेसच्या बोर्डावर होती आणि खोक्यातून काढलेल्या नव्या थर्मोस्टॅटवरही होती. कंपन्या वेगळ्या, मधे कितीतरी वर्षं गेलेली, पण खुणा त्याच. फोटो काढून घेतला, प्रत्येक तारेला अक्षराची चिठ्ठी लावली आणि मगच स्क्रू सैल केले.

स्क्रीन आणि वाय-फाय असलेल्या थर्मोस्टॅटला अखंड वीज लागते. त्यासाठी सी अक्षराची आणखी एक तार हवी असते आणि जुन्या घरांत काम अडतं ते इथेच. आमच्या केबलमध्ये पाचवी, निळी तार होती. तेव्हा तिचा काही उपयोग नसताना कुणा कारागिराने ती कापून न टाकता केबलच्या आवरणाभोवती नीट गुंडाळून ठेवली होती, वरही आणि तळघरातही. फर्नेसचा स्विच बंद केला, एसीचा ब्रेकर पाडला, मीटर लावून खात्री केली आणि निळी तार दोन्हीकडे सीखाली कसली. केबल येते त्या भोकातून गार झुळूक येत होती, ते पुट्टीने बुजवलं. नाहीतर थर्मोस्टॅट खोलीऐवजी भिंतीच्या पोकळीचं तापमान मोजत बसतो. जुन्यात पारा होता, म्हणून तो कचऱ्यात न टाकता वेगळा जमा करायला दिला. जेवणाआधी काम संपलं. जावई माझं कौतुक करत होते, पण खरं कौतुक अक्षरांवर एकमत करणाऱ्या त्या धंद्याचं आणि निळी तार राखून ठेवणाऱ्या त्या अनोळखी माणसाचं.

आता इकडचं पाहा. नव्या इमारतीत शेजाऱ्याकडे एसी बसवायला दोन पोरं येतात. ‘काका, लाइन कुठून गेलीय?’ काकांना माहीत नाही, बिल्डरच्या ऑफिसातला फोन उचलला जात नाही. मग भिंतीवर बोटांनी ठोकून अंदाज घ्यायचा आणि देवाचं नाव घेऊन ड्रिल चालवायचं. ब्रेकरची पेटी, म्हणजे डीबी, उघडावी तर सगळ्या एमसीबी एकसारख्या, कुठली कशाची हे पेन्सिलनेसुद्धा लिहिलेलं नाही. ‘बेडरूमची’ म्हणून एक पाडली की हॉलचा पंखा थांबतो. एसी आणि गीझर एकाच तारेवर निघतात. सॉकेटला अर्थिंगचं मोठं भोक असतं, त्याच्यामागे तार असेलच याची खात्री नाही. आणि हा सगळा खेळ २४ नव्हे, २३० व्होल्टवर चालतो.

आपल्याला हे काम येत नाही, असं मुळीच नाही. माझेच विद्यार्थी एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बांधतात. तिथे प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर छापलेली फेरूल चढवतात आणि दाराच्या आतल्या कप्प्यात ड्रॉइंग ठेवतात. त्याशिवाय पॅनल तपासणीतून बाहेर पडत नाही. तोच मुलगा सुट्टीच्या दिवशी फ्लॅटचं वायरिंग घेतो, तेव्हा ना फेरूल, ना ड्रॉइंग. मी एकदा एकाला विचारलं. म्हणाला, ‘सर, कुणी मागतच नाही.’ कारखान्यात मशीन बंद पडलं तर तासातासाचा तोटा मांडला जातो. घरात माणसं उकाड्यात बसतात, त्याचा हिशेब कुणाच्या वहीत जात नाही.

म्हणून मागणी साधी आहे. फ्लॅटचा ताबा देताना बिल्डरने त्या फ्लॅटच्या वायरिंगचा नकाशा द्यावा, कागदावर योजलेला नव्हे, भिंतीत प्रत्यक्ष झालेला. त्याची एक प्रत डीबीच्या दारावर आतून चिकटवावी, दुसरी सोसायटीच्या दप्तरात ठेवावी. प्रत्येक एमसीबीवर नाव असावं. आणि जिथे पुढे एसी लागणार हे उघड आहे, तिथे एक रिकामा कन्ड्युट आधीच टाकून ठेवावा. २०१६च्या रेरा कायद्याने सोसायटीकडे आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे सोपवण्याची जबाबदारी प्रवर्तकावर टाकलेलीच आहे. त्या गठ्ठ्यात वायरिंगच्या नकाशाचं नाव स्पष्ट घालावं, एवढंच महारेराला सांगणं आहे.

बिल्डर म्हणतील, साइटवर ऐनवेळी बदल होतात. होतात, म्हणूनच तर नकाशा हवा. गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायला सुपरवायझरच्या खिशातला फोन पुरेसा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नकाशा हाती आला की लोक स्वतःच तारांना हात घालतील. तसं कुणी करू नये. आपल्याकडे हे काम परवानाधारक वायरमनचं आहे आणि ते त्याचंच राहावं. पण जीव धोक्यात घालून अंदाजाने भोक पाडणारा तोच तर आहे. नकाशाची पहिली गरज त्याला आहे.

उन्हाळे वाढताहेत, घरटी एसी वाढताहेत, पाठोपाठ छतावरचं सौर आणि गाडीचा चार्जर येतोय. हे सगळं त्याच बिनकागदाच्या तारांना जोडलं जाणार आहे. जुन्या घरात राहणाऱ्यांनी नियमाची वाट पाहू नये. एकाने डीबीपाशी उभं राहून एकेक एमसीबी पाडावी, दुसऱ्याने घरभर फिरून काय बंद झालं ते लिहावं, यादी दारावर चिकटवावी. आणि नवा फ्लॅट बघायला जाल तेव्हा टाइल्सचा रंग विचारण्याआधी वायरिंगचा नकाशा मागा. दहा गिऱ्हाइकांनी तो मागितला, की अकराव्याला बिल्डर न मागता दाखवील.