विश्लेषण : गुलमर्गच्या तीव्र उतारांवर कसलेले स्कीअरही का अडकतात?

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी काश्मीरमधल्या गुलमर्गमध्ये हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ रोजी इथल्याच अफरवट शिखराच्या परिसरात पोलंडच्या दोन स्कीअर्सनी जीव गमावला होता. रील्समध्ये स्वप्नवत दिसणारे हे उतार इतके धोकादायक का आहेत?

गुलमर्गचं वेगळेपण काय?

गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथला गोंडोला दोन टप्प्यांत जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. म्हणजे तासन्‌तास चढून गाठावी लागणारी उंची काही मिनिटांत गाठता येते. वर यंत्राने दाबून सपाट केलेले मार्ग मात्र फारसे नाहीत. असतो तो मोकळा, भुसभुशीत बर्फ. त्यासाठीच जगभरातले स्कीअर इथे येतात.

बर्फ घसरतो कसा?

बर्फ थरांमध्ये साचतो. खालचा थर कच्चा असेल, तर एका माणसाच्या वजनानेही वरचा अख्खा थर सुटू शकतो. असं बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतं. अडचण अशी, की कसलेल्या स्कीअर्सना नेमका हाच उतार हवा असतो. म्हणूनच जीवघेण्या हिमस्खलनांपैकी बहुतेकांची सुरुवात अडकलेल्या व्यक्तीकडून किंवा तिच्या सोबत्याकडून होते.

‘फक्त तज्ज्ञांसाठी’ या पाटीचा अर्थ काय?

ही पाटी उतार किती अवघड आहे, एवढंच सांगते. त्या दिवशी बर्फ किती स्थिर आहे, हे सांगत नाही. गुलमर्गमध्ये गोंडोलाखालच्या मुख्य भागात गस्ती पथक स्फोट करून धोकादायक बर्फ आधीच पाडतं. आजूबाजूच्या दऱ्यांमध्ये ही सोय नाही.

अशा उपायांनीही धोका शून्यावर येत नाही. १० जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतल्या पॅलिसेड्स टाहो रिसॉर्टच्या हद्दीतच हिमस्खलन होऊन एकाचा मृत्यू झाला. तिथली ‘केटी-२२’ लिफ्ट हंगामात पहिल्यांदा त्याच सकाळी सुरू झाली होती.

मग काय करायचं?

बर्फाखाली गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटं निर्णायक असतात. तेवढ्यात बाहेरची मदत क्वचितच पोहोचते, वाचवणारे सोबतीच असतात. त्यामुळे प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोध घेण्याची काठी आणि फावडं हवं. ते वापरण्याचा सरावही हवा. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा पाहून वर न जाणं, हाही तज्ज्ञाचाच निर्णय असतो.